मॉडेलमधला एक आकडा आणि वीस वर्षांनंतरचं शहर

मागच्या आठवड्यात ट्रॅफिक मॉडेलमधला (म्हणजे शहरातली माणसं कुठून कुठे आणि कशाने जातील याच्या संगणकातल्या गणितातला) फक्त एक आकडा बदलला, रन लावली आणि घरी गेले. सकाळी येऊन बघते तर वीस वर्षांनंतरचं अख्खं शहर लालबुंद. म्हणजे नकाशावर हो, रस्ता क्षमतेच्या वर भरला की आमच्याकडे तो लाल दिसतो. आकडा कुठला, तर गाडीत घालवलेला एक तास माणसाला किती महाग पडतो तो. गाडी चालवताना हात, डोळे, डोकं सगळं अडकलेलं असतं म्हणून तो तास महाग धरायचा असा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. आता गाडी स्वतःच चालणार, माणूस मागे बसून लॅपटॉप उघडणार नाहीतर सरळ ताणून देणार, म्हणून मी तो तास निम्म्या भावात लावला. बस, एवढंच. नवा रस्ता काढला नाही, लोकसंख्या एकानेही वाढवली नाही, तरी मॉडेलमधली माणसं लांब लांबच्या नोकऱ्या धरायला लागली आणि बसमधून उतरून गाडीत जाऊन बसली.

सरांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं नकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "बरं, पण यातला खरा आकडा कुठला?"

त्या प्रश्नाला उत्तर नाहीये, आणि उत्तर नसताना आराखडा कसा लिहायचा हेच गेले कित्येक महिने डोक्यात घोळतंय, म्हणून म्हटलं एकदा लिहून काढू.

दीर्घकालीन वाहतूक आराखडा ही काय भानगड असते ते आधी थोडक्यात. प्रत्येक देशात नाव वेगळं, पण गाभा तोच, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कुठे रस्ता, कुठे पूल, कुठे रेल्वे आणि त्याला पैसा कुठून. अमेरिकेत तर कायदाच आहे, ५० हजारांवर लोकसंख्येच्या प्रत्येक शहरी भागाला निदान २० वर्षांचा आराखडा करावा लागतो, हवा खराब असेल तर दर ४ वर्षांनी आणि नसेल तर दर ५ वर्षांनी तो नव्याने करायचा, आणि त्यातल्या कामांसाठी पैसा खरंच येणार आहे हे दाखवायचं. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. स्वप्नं बघा पण खिशात हात घालून बघा. तर असा हा आराखडा, आणि त्यात एकदा पूल लिहिला की तो पन्नास ते शंभर वर्षं उभा राहणार, आणि त्याच्यावरून जाणाऱ्या गाडीचं सॉफ्टवेअर मात्र रात्रीत बदलणार. गंमत इथे आहे.

ड्रायव्हरलेस गाड्या येणार येणार हे ऐकून आपल्या आधीच्या पिढ्याही म्हाताऱ्या झाल्या. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने एक भलंमोठं शहराचं मॉडेल मांडलं होतं, १९६० साली जग असं असेल म्हणून, त्यात आपोआप अंतर राखून पळणाऱ्या गाड्यांचे हायवे होते. १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ रस्त्यात लोहचुंबक पुरून आठ गाड्यांची रांग खरोखर चालवूनही दाखवली, टाळ्या पडल्या, आणि मग पैसे आटले. २००४ मध्ये डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, वाळवंटात ड्रायव्हरलेस गाड्यांची शर्यत ठेवली, दोनशेहून जास्त किलोमीटरची, तर सगळ्यात पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. लोक हसले. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. मग २०१८ मध्ये ॲरिझोनात चाचणीवरच्या गाडीखाली एका पादचारी बाईचा जीव गेला, २०२२ मध्ये अशा गाड्यांवर काम करणारी आर्गो एआय ही कंपनी बंद पडली, २०२४ च्या शेवटी जनरल मोटर्सने आपल्याच क्रूझ कंपनीच्या रोबोटॅक्सीला (ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीला) पैसे देणं थांबवलं, आणि त्याच २०२४ मध्ये गुगलच्या घरातल्या वेमोने सॅन फ्रान्सिस्कोत ड्रायव्हर नसलेली टॅक्सी सगळ्यांना खुली केली. म्हणजे 'हे कधीच होणार नाही' म्हणणारे आणि 'पाच वर्षांत सगळं बदलणार' म्हणणारे, दोघेही तोंडावर आपटले.

आणि आम्ही प्लॅनिंगवाले? आम्ही बराच काळ तिकडे बघितलंच नाही. गुगलच्या गाड्या २००९ पासून रस्त्यावर फिरत होत्या तरी त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या शहरांच्या आराखड्यांत या गाड्यांचा नावापुरताही उल्लेख जवळपास नव्हता. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्या गोष्टीचा आकडा नाही ती मॉडेलमध्ये बसत नाही आणि जी मॉडेलमध्ये बसत नाही ती आराखड्यात येत नाही. बरं आकडे तरी कुठे बरोबर येतात, ब्रिटनमध्ये १९८९ साली अंदाज काढला होता की २०२५ पर्यंत रस्त्यावरची वाहतूक ८३ ते १४२ टक्क्यांनी वाढेल, प्रत्यक्षात ती खालच्या आकड्याच्याही खूप खाली राहिली. तेव्हा तर गाडी चालवायला माणूसच होता.

आता मूळ मुद्दा. चालकविरहित, कनेक्टेड (एकमेकींशी बोलणाऱ्या), इलेक्ट्रिक, शेअर्ड (अनेकांनी वाटून वापरायच्या). हे चार शब्द आमच्या मीटिंगमध्ये एका दमात म्हटले जातात, जणू एकाच गाडीची चार चाकं. प्रेझेंटेशनमध्ये पण एकच चित्र, पांढरी गुळगुळीत गाडी, आत चार हसरी माणसं, बाहेर झाडं. आणि त्या चित्रावरून आराखड्यातलं एक प्रकरण लिहून टाकायचं, 'उदयोन्मुख तंत्रज्ञान' नावाचं, शेवटून दुसरं. माझं म्हणणं असं की या चारही गोष्टींची घड्याळं वेगळी आहेत, त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत, आणि एकत्र धरल्या की आराखडा हमखास चुकतो.

इलेक्ट्रिक घ्या, त्यातल्या त्यात हीच खात्रीची. बॅटरी स्वस्त होत गेली, बाकी आपोआप झालं, नाही म्हणजे अगदीच आपोआप नाही, नॉर्वेने वर्षानुवर्षं करमाफी दिली तेव्हा कुठे २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. पण इथे एक मेख आहे जी मीटिंगमध्ये मी दर वेळी सांगते आणि दर वेळी विसरली जाते. नव्या गाड्या म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या नव्हेत. त्याच नॉर्वेत, त्याच वर्षी, रस्त्यावरच्या एकूण गाड्यांत इलेक्ट्रिकचा वाटा चारातल्या एकाहून थोडासाच जास्त होता आणि सगळ्यात जास्त गाड्या डिझेलच्याच. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या वर गेलंय. गाडी काही फोन नव्हे, दर दोन वर्षांनी बदलायला. त्यामुळे आज शोरूममध्ये काय घडतंय ते रस्त्यावर दिसायला आराखड्याचा निम्मा काळ निघून जातो, आणि हे चालकविरहित गाड्यांनाही लागू आहे, कोणी मालकीची विकत घेणार असेल तर.

इलेक्ट्रिकचं खरं दुखणं मात्र चार्जिंग स्टेशन नाहीये, ते होतील. दुखणं आहे पैशाचं. बऱ्याच देशांत रस्त्याचा खर्च इंधनावरच्या करातून निघतो किंवा निघतो असं मानलं जातं. अमेरिकेतला केंद्रीय कर गॅलनमागे १८.४ सेंट, तो १९९३ पासून हललेला नाही, महागाईने आधीच कुरतडलाय, त्यात आता गाड्या पेट्रोल पिणंच सोडणार. म्हणजे आराखड्यातली ती पैसे दाखवायची अट, तिच्याच पायाखालची माती चाललीये. ऑरेगनने २०१५ मध्ये मैलामागे पैसे घ्यायची योजना सुरू केली, पण स्वेच्छेची. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना १००० किलोमीटरमागे ७६ डॉलर लावले, आइसलँडने त्याच वर्षी जानेवारीपासून किलोमीटरमागे ६ क्रोना. दोन्हीकडे लोक कुरकुरले, आणि कुरकुरणारच, पण किलोमीटर मोजायची सवय एकदा लागली ना की पुढे तिचा दुसराच मोठा उपयोग आहे, त्यावर येतेच.

(मध्येच एक आठवलं. बॅटरीने गाड्या जड झाल्यात. नेब्रास्का विद्यापीठात तीन टनांवरचा इलेक्ट्रिक पिकअप ताशी शंभरच्या आसपास वेगाने हायवेच्या लोखंडी कठड्यावर सोडून बघितला तर तो कठडा फाडून पलीकडे गेला. हे कठडे वेगळ्याच वजनाच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून केलेले. आराखड्यात अशा कंटाळवाण्या कामाला एक ओळ तरी हवी.)

कनेक्टेड म्हणजे गाड्यांनी एकमेकींशी आणि सिग्नलशी बोलायचं. ही तर वाट बघण्याचीच गोष्ट. अमेरिकेत १९९९ मध्ये यासाठी ५.९ गिगाहर्ट्झला रेडिओ लहरींचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. वीस वर्षं झाली, गाड्या काही बोलल्या नाहीत. २०२० मध्ये सरकारने त्यातला ४५ मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकला आणि उरलेल्या ३० साठी तंत्रज्ञानही बदललं, ज्या शहरांनी आधीच चौकाचौकात जुनी यंत्रं बसवली होती त्यांची तोंडं बघायसारखी झाली असणार. प्रत्येक नव्या गाडीत हे बसवाच असा जो नियम येऊ घातला होता तोही पुढे मागे घेतला. आता कोणी मला सांगितलं की आराखड्यात पाचशे चौकांना अमुक एक रेडिओ बसवायचं लिहा, तर मी विचारते, रेडिओ लिहू की नुसती पाइप, वीज आणि फायबर लिहू? पाइप कुठल्याही रेडिओला चालते.

आणि कनेक्टेड नसेल तर चालकविरहितचं जे सगळ्यात गाजलेलं वचन आहे, रस्त्याची क्षमता दुप्पट, ते गळून पडतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या स्टीव्हन श्लॅडोव्हर यांच्या गटाने २०१२ मध्ये सिम्युलेशन करून दाखवलं होतं की पुढच्या गाडीकडे नुसतं स्वतःच्या सेन्सरने बघून अंतर राखणाऱ्या गाड्यांनी लेनची क्षमता फारशी हलत नाही, सगळ्या गाड्या एकमेकींशी बोलत असतील तरच एका लेनमधून तासाला २००० च्या जागी ४००० च्या घरात गाड्या जातात. सगळ्या म्हणजे सगळ्या. निम्म्याशिम्म्या बोलून तेवढा फायदा नाही. तरी 'आता नवे रस्ते नकोत, गाड्या चिकटून चालतील' असं म्हणणारे भेटतात, आणि 'गाड्या चिकटून चालतील म्हणून एक लेन फक्त त्यांच्यासाठी बांधा' म्हणणारेही भेटतात, पाण्यातल्या म्हशीचा सौदा काठावर चाललाय दोन्हीकडून. मला त्यापेक्षा रंगाची बातमी महत्त्वाची वाटली, अमेरिकेच्या रस्ते-चिन्हांच्या नियमावलीने डिसेंबर २०२३ मध्ये हायवेवरच्या पट्ट्या ४ इंचांच्या ६ इंच केल्या, कॅमेऱ्याला नीट दिसाव्यात हेही त्यामागचं एक कारण. रात्री पावसात म्हाताऱ्या डोळ्यांनाही त्या नीट दिसतात. म्हणजे चालकविरहित गाडी आली नाही तरी पैसे पाण्यात गेले नाहीत.

आता शेअर्ड. इथे मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते सगळा खेळ इथे आहे.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५ मध्ये लिस्बन शहराचं एक सिम्युलेशन केलं. समजा सगळ्या खाजगी गाड्या काढल्या आणि त्या जागी शेअर करायच्या ड्रायव्हरलेस टॅक्स्या दिल्या, मेट्रो तशीच ठेवली, तर काय होईल? दहातल्या नऊ गाड्या लागणारच नाहीत असं उत्तर आलं. हे वाक्य जगभर फिरलं, आमच्याही प्रेझेंटेशनमध्ये आहे. त्याच अहवालातली पुढची गोष्ट कमी फिरली. गाड्या एवढ्या कमी होऊनही रस्त्यावर धावलेले एकूण किलोमीटर कमी झालेच नाहीत, ६ टक्क्यांनी वाढले, कारण गाडी एकाला सोडून दुसऱ्याला घ्यायला जाते. आणि मेट्रो नसेल आणि लोक गाडीत एकेकटेच बसणार असतील तर ८९ टक्क्यांनी वाढले. तंत्रज्ञान दोन्हीकडे तेच, गाडी तीच. फरक काय, तर शेजारी अनोळखी माणूस बसला की नाही आणि खालून मेट्रो धावते की नाही.

अनोळखी माणूस बसतो का हो? ॲपवरच्या टॅक्स्या आल्या तेव्हा आम्हाला हेच सांगितलं होतं, लोक स्वतःची गाडी विकतील, एकत्र बसतील, गर्दी कमी होईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहतूक प्राधिकरणाने नंतर हिशोब मांडला तर २०१० ते २०१६ या काळात शहरात जी गर्दी वाढली त्यातली साधारण निम्मी या टॅक्स्यांमुळेच होती. मी स्वतःला विचारते, घाईत असताना दहा मिनिटं वाचवायला मी जास्तीचे पैसे देऊन एकटी जाते की नाही. जाते. मग मॉडेलमधल्या माणसांकडून साधुत्वाची अपेक्षा कशाला.

याहून भारी प्रयोग बर्कलीच्याच संशोधकांनी केला. ड्रायव्हरलेस गाडी मिळाल्यावर लोक कसे वागतील हे कळायला गाडी कशाला हवी, ड्रायव्हर द्या की! तेरा जणांना एका आठवड्यासाठी ६० तासांचा फुकट ड्रायव्हर दिला. गाडी त्यांचीच, फक्त चालवणारा दुसरा, आणि ते नसताना गाडी कुठेही पाठवायची मुभा. त्यांच्या गाड्या धावल्या ८३ टक्के जास्त. रात्रीच्या फेऱ्या वाढल्या, लांबच्या वाढल्या, आणि आत मालक नसलेली गाडी कामाला पाठवणंही सुरू झालं. नमुना तेरा जणांचा, त्यावर कायदा लिहू नये हे कबूल, फुकटची हौसही त्यात असणारच. पण माझ्या त्या लालबुंद नकाशाकडे बघून सर "हे फारच होतंय" म्हणाले तेव्हा मला हीच माणसं आठवली. मॉडेल निदान रिकामी गाडी कामाला तरी पाठवत नव्हतं. खरं तर आमच्या जुन्या चार टप्प्यांच्या मॉडेलला रिकामी गाडी म्हणजे काय हेच कळत नाही, १९५० च्या दशकातलं ते तंत्र, त्यात प्रवास माणूस करतो, गाडी नुसती त्याच्याबरोबर जाते.

म्हणून म्हणते, विजेची गाडी येणार हे बाजार ठरवतोय, बोलणारी गाडी सरकारं ठरवतील (किंवा नाही ठरवणार), स्वतः चालणारी गाडी कंपन्या ठरवतायत, पण ती शेअर होणार की रिकामी फिरणार हे भाव ठरवतो, आणि तो भाव लावणं शहराच्या हातात आहे. रिकाम्या किलोमीटरला पैसे, एकट्याला जास्त, चौघांना कमी, बसला रस्ता आधी. वर ते किलोमीटर मोजायचं म्हटलं ना, ते यासाठी. आणि हे गाड्या यायच्या आधी करावं लागतं, कारण एकदा लोकांनी रिकामी गाडी घरी पाठवून पार्किंगचे पैसे वाचवायची सवय लावून घेतली की मग कुठला पुढारी त्यावर कर लावायला धजावणार?

आराखडा लिहायच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी, ज्या मी चुका करून शिकले. सिनारिओ, म्हणजे पुढे काय काय घडू शकतं याची चित्रं, तीन देऊ नयेत. कमी, मध्यम, जास्त असे तीन दिले की टेबलाभोवतीची सगळी माणसं मधला उचलतात आणि पुन्हा एकच आकडा घेऊन घरी जातात. मी आता चार देते. मधला शिल्लकच नसतो, मग नाइलाजाने चर्चा होते. आणि दुसरं, पुरावर काम करणाऱ्यांकडून शिकावं. लंडनच्या थेम्स खाडीसाठी २१०० पर्यंतचा पूर-आराखडा आहे, त्यात समुद्र किती चढेल याचा एकच अंदाज धरून बसलेले नाहीत, पाणी इतकं चढलं की हे काम काढायचं, त्याहून चढलं की ते, आणि काम उभं राहायला किती वर्षं लागतात ते मागे मोजून निर्णय कधी घ्यायचा, असं लिहिलंय. आपल्याकडे पाण्याच्या जागी रिकाम्या किलोमीटरचं प्रमाण धरा, बसचे प्रवासी धरा, नव्या विक्रीतला इलेक्ट्रिक गाड्यांचा वाटा धरा. पण रिकामे किलोमीटर मोजायला कंपनीकडून डेटा हवा, आणि परवाना देतानाच तो मागितला नाही तर नंतर मिळत नाही, हा अनुभव आहे, जास्त बोलत नाही.

पार्किंगच्या इमारतींचं पण तसंच. बांधायचीच असेल तर मजले सपाट ठेवा, उंची थोडी जास्त, गाड्या वर न्यायचा चढ काढता येण्यासारखा, म्हणजे उद्या तिथे ऑफिस किंवा घरं करता येतील. आमच्याकडे हा मुद्दा निघाला तेव्हा एकजण म्हणाले, खर्च वाढतो. वाढतोच. उतरत्या मजल्यावर मात्र कुणाला घर थाटता येणार नाही.

तर सरांना मी शेवटी एक पान दिलं. त्यात तासाच्या भावाचे चार आकडे, प्रत्येकासमोर एकूण किलोमीटर आणि बसचे प्रवासी, आणि आराखड्यातल्या बारा मोठ्या कामांसमोर खुणा, की हे काम चारही ठिकाणी कामाला येतं की नाही. पाच आली. बोगदा आला नाही, दोन ठिकाणी ओस पडतो आणि दोन ठिकाणी उघडल्या दिवशीच भरतो. त्यांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं, मग म्हणाले, "रिकाम्या गाडीला पैसे लावून एकदा रन करून बघ."

मॉडेलला रिकामी गाडी कळत नाही म्हणून ती वेगळ्या टेबलात घालून आत ढकललीये, जुगाडच आहे, पण चाललंय. आत्ता हे लिहितेय तेव्हा एकोणिसावं आवर्तन चालू आहे आणि बोगद्याच्या अलीकडचा रस्ता अजून तरी लाल झालेला नाही.